ओढा ओलांडताना बूट काढू नका

ओढ्याकाठच्या बागेतून जुन्या पायवाटेला लागताना बूट काढून पाणी ओलांडावं, असं काही जण सुचवतात. कृपया तसं करू नका. शेवाळलेल्या गोट्यांवर अनवाणी पाय हमखास सटकतो. मोजे काढून ठेवा, बूट भिजू द्या. सॅकचा कमरपट्टा आधी सोडायचा, म्हणजे पडलात तरी ती झटकन काढता येते. तोंड प्रवाह येतो त्या बाजूला, काठी पुढे घट्ट टेकवून, एका वेळी एकच पाऊल. वेगाचं पाणी गुडघ्याच्या वर असेल तर सरळ परत फिरा.

नितळ पाणी अचानक गढूळ होऊन काटक्या-पाचोळा वाहू लागला, की वरच्या अंगाला पाऊस झालाय असं धरून लगेच उंचावर जा.

जुन्या वाटेच्या रचीव दगडी कडेवरून शॉर्टकटही नको. एक दगड निखळला, की पावसाचं पाणी तिथूनच वाट पोखरतं.