प्रोसेसर १०० टक्क्यांवर गेला म्हणजे बिघाडच झाला का?

धागाकर्ता

फोटो संपादनाचे सॉफ्टवेअर चालू केले की प्रोसेसर १०० टक्क्यांवर जातो, अशी तक्रार आली की बहुतेक वेळा एकच सल्ला मिळतो : टास्क मॅनेजरमध्ये जाऊन त्या प्रोग्रामला मोजकेच कोअर (प्रोसेसरमधील स्वतंत्रपणे काम करणारे भाग) नेमून द्या, नाहीतर पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा ९९ टक्के करा. माझ्या मते हा सल्ला बहुतांश प्रसंगी निरुपयोगी आहे.

रॉ फाइल म्हणजे तयार चित्र नव्हे, ती कॅमेऱ्याच्या सेन्सरची कच्ची नोंद असते. बहुतेक कॅमेऱ्यांत सेन्सरवरचा प्रत्येक पिक्सेल लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एकाच रंगाची नोंद करतो आणि उरलेले दोन रंग शेजारच्या पिक्सेलांवरून हिशेबाने काढावे लागतात. २४ मेगापिक्सेलच्या फोटोतील तिन्ही रंग १६ बिटांत मांडले, तर तो एकच फोटो मेमरीत सुमारे १४४ एमबी जागा घेतो. त्यावर लेन्सची दुरुस्ती, नॉइज कमी करणे आणि शार्पनिंग चढते. असे शेकडो फोटो एक्सपोर्ट होत असताना सर्व कोअर पूर्ण क्षमतेने राबत असतील, तर तो बिघाड नसून पैसे मोजून घेतलेल्या यंत्राचा योग्य वापर आहे. ९९ टक्क्यांच्या युक्तीने तर विंडोजच्या अनेक संगणकांवर टर्बो वेगच (गरजेच्या वेळी प्रोसेसर घेतो तो वाढीव वेग) बंद होतो, म्हणजे आकडा किंचित खाली आलेला दिसतो आणि काम मात्र लांबते.

प्रतिसाद १

एक्सपोर्टपुरते आपले म्हणणे मान्य आहे. परंतु तक्रार करणारे बहुतेक जण एक्सपोर्टविषयी बोलतच नसतात. त्यांनी माउसला हात लावलेला नसतो, पडद्यावर एकच फोटो स्थिर असतो आणि तरीही पंखा थांबत नाही. अशा वेळी मागे प्रीव्ह्यू (फोटो चटकन दाखवण्यासाठीच्या तयार प्रती) तयार करणे, चेहरे शोधणे, जीपीएसच्या नोंदींवरून पत्ते काढणे, क्लाउडशी सिंक करणे अशी कामे चाललेली असू शकतात. ती कधी सुरू झाली आणि कधी संपणार, हे पडद्यावर ठळकपणे दिसत नाही. वापरणाऱ्याने न मागितलेल्या कामाला 'योग्य वापर' म्हणणे मला पटत नाही.

दुसरे असे की लॅपटॉपची उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता मर्यादित असते. सर्व कोअर दीर्घकाळ राबले की तापमान वाढते आणि प्रोसेसर स्वतःच आपला वेग उतरवतो. मग दोन कोअर मोकळे ठेवून बाकीच्यांवर काम चालवले, तर एकूण वेळेत फारसा फरक न पडता त्याच संगणकावर पत्र लिहिता येते किंवा ब्राउझर वापरता येतो. आपण ज्याला निरुपयोगी म्हणता, तो उपाय लॅपटॉपवाल्यांसाठी पुष्कळदा व्यवहार्य ठरतो.

प्रतिसाद २

दोघेही टक्क्यांवरच वाद घालत आहात. मुळात तो आकडाच फसवा आहे. १६ थ्रेडच्या (म्हणजे एकाच वेळी कामाचे १६ प्रवाह चालवणाऱ्या) प्रोसेसरवर एकच थ्रेड अडकून पूर्ण क्षमतेने फिरत असेल, तर टास्क मॅनेजर जेमतेम ६ टक्के दाखवतो. स्लायडर हलवल्यावर चित्र दोन सेकंदांनी बदलते आणि आकडा तर किरकोळ असतो, हा अनुभव त्यातूनच येतो. उलट मॅकच्या अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटरमध्ये प्रत्येक कोअरचे १०० टक्के धरत असल्यामुळे ८०० टक्के पाहून माणूस विनाकारण घाबरतो. म्हणून एकूण आकडा बाजूला ठेवून प्रत्येक कोअरचा आलेख पाहावा आणि संपादन थांबवल्यावर तो किती वेळात खाली येतो, हे तपासावे.

धागाकर्ता

मागे चालणाऱ्या कामांचा मुद्दा रास्त आहे, परंतु त्यावर कोअर कमी करणे हा उपाय होत नाही. त्याने तेच काम अधिक वेळ रेंगाळेल. लाइटरूम क्लासिक या फोटो संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये डाव्या वरच्या कोपऱ्यात ही कामे पाहता येतात आणि चेहरे शोधणे व पत्ते काढणे तिथूनच थांबवता येते. प्रीव्ह्यूचे काम मात्र एकदा पूर्ण होऊ द्यावे. अर्धवट सोडले, तर प्रत्येक फोटो उघडताना तोच खर्च पुन्हा पुन्हा सोसावा लागतो.

प्रतिसाद ३

भार ग्राफिक्स कार्डावर टाका म्हणजे प्रश्न मिटेल, हा सल्ला अजून कोणी दिला नाही याचे आश्चर्य वाटते. तो येण्यापूर्वीच विरोध नोंदवतो. लाइटरूममध्ये ग्राफिक्स कार्डाचा वापर २०१५ मध्ये आला, पण एक्सपोर्टसाठी तो २०२२ मध्ये मिळाला. रॉथेरपी हे रॉ फोटोंचे सॉफ्टवेअर आपले संस्करण प्रोसेसरवरच करते. डार्कटेबल या तशाच सॉफ्टवेअरला ओपनसीएलचा (ग्राफिक्स कार्डाकडून हिशेब करून घेण्याच्या व्यवस्थेचा) योग्य ड्रायव्हर सापडला नाही, तर सारे काम निमूटपणे प्रोसेसरकडे येते. त्यामुळे सेटिंगमध्ये खूण केली एवढ्यावर विसंबू नये, कार्डाचा आलेख खरोखर वर जातो का हे पाहावे. जुना ड्रायव्हर असेल, तर ती खूण काढल्यावरच सॉफ्टवेअर सुरळीत चालते, असेही घडते.

पडद्याचाही विचार करावा. फुल एचडी पडद्यावर सुमारे २१ लाख पिक्सेल असतात, फोरके पडद्यावर ८३ लाख. नवा मॉनिटर जोडल्यानंतर त्रास सुरू झाला असेल, तर दोष सॉफ्टवेअरला देण्याआधी संपादनाची खिडकी लहान करून पाहावी.

प्रतिसाद ४

आणखी एक कारण कोणाच्याच बोलण्यात आले नाही. कॅटलॉग (फोटोंची आणि त्यांवरील बदलांची नोंद ठेवणारी फाइल) आणि प्रीव्ह्यूचे फोल्डर अँटिव्हायरसच्या नजरेखाली असले, की प्रत्येक छोट्या फाइलची तपासणी होते. आणि तेच फोल्डर क्लाउड सिंकमध्येही असेल, तर प्रत्येक बदलामागे अपलोडची खटपट सुरू होते. ही दोन्ही फोल्डरे तपासणीतून वगळावीत.

प्रतिसाद १

वगळण्याचा सल्ला सरसकट देऊ नये. कॅशे (तात्पुरत्या साठवणीच्या फाइली) आणि प्रीव्ह्यू वगळणे ठीक आहे, कारण ते पुन्हा तयार होतात. पण मेमरी कार्डावरून फोटो जिथे उतरतात ते फोल्डर तपासणीतच राहिले पाहिजे. सिंकबाबत मात्र सहमत आहे. कॅटलॉग उघडा असताना तो सिंक होणे वेगापेक्षाही त्याच्या सुरक्षिततेसाठी अधिक घातक आहे.

प्रतिसाद २

एक सोपी चाचणी सुचवतो. नवा, रिकामा कॅटलॉग तयार करून त्यात मोजके फोटो घ्यावेत. तिथे प्रोसेसर शांत राहिला, तर दोष जुन्या कॅटलॉगमध्ये किंवा एखाद्या फोटोवर चढवलेल्या ढीगभर मास्कमध्ये (फोटोच्या ठरावीक भागापुरत्या बदलांमध्ये) शोधावा. तिथेही भार तसाच राहिला, तर प्लगइन (सॉफ्टवेअरला जोडलेले पूरक प्रोग्राम) एकेक करून बंद करावेत आणि शेवटी प्रेफरन्सेस (सॉफ्टवेअरची सेटिंग) मूळ स्थितीत न्यावेत.

धागाकर्ता

'शेवटी' हा शब्द लोक वाचतच नाहीत आणि प्रेफरन्सेस पुसण्यापासूनच सुरुवात करतात. मग ग्राफिक्स कार्डाची निवड, कॅशेचा आकार, प्लगइनची मांडणी सगळेच एकदम बदलते आणि त्रास थांबला, तरी तो कशामुळे होता हे कळत नाही. रिकाम्या कॅटलॉगची चाचणी मात्र मला मान्य आहे. फक्त ती करताना संगणक नुकताच सुरू केलेला नसावा, कारण तेव्हा विंडोजची स्वतःची कामेही प्रोसेसर खात असतात.