आयर्न बोल 2013: अलाबामा शेवटच्या सेकंदाला हरली की त्याआधीच?

क्रिमझनकट्टा

30 नोव्हेंबर 2013 चा आयर्न बोल, म्हणजे अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधला अलाबामा-ऑबर्न सामना, पहिल्या किकऑफपासून पुन्हा पाहिला. याचं नाव निघालं की सगळे थेट शेवटच्या सेकंदावर उडी मारतात. 28-28 बरोबरी, अलाबामाचा 57 यार्डांवरून फील्ड गोलचा (खांबांमधून किक, तीन गुण) प्रयत्न, चेंडू तोकडा पडला, ऑबर्नच्या ख्रिस डेव्हिसने तो एंडझोनमध्ये (मैदानाच्या टोकाचा पट्टा) मागच्या रेषेजवळ झेलला आणि अख्खं मैदान पार करून टचडाउन केला (चेंडू समोरच्या एंडझोनमध्ये नेणं, सहा गुण). 34-28. सलग तिसऱ्या राष्ट्रीय विजेतेपदाकडे निघालेला पहिल्या क्रमांकाचा संघ तिथे थांबला, आणि खापर अलाबामाचे प्रशिक्षक निक सेबन यांच्या त्या एका निर्णयावर फुटलं.

पूर्ण सामना पाहिल्यावर मला हा हिशेब पटत नाही. चौथ्या क्वार्टरमध्ये अलाबामाने सामना मिटवायच्या संधी एकामागून एक घालवल्या. शेवटची किक त्यातली सगळ्यात महागडी ठरली, पण सगळ्यात वाईट होती का? जाणकारांनी नीट उलगडून सांगावं. आणि तोकडी पडलेली किक परत पळवता येते हे ठाऊक असताना मैदानावर अडवणारं कोणीच कसं नव्हतं, हेही.

हॅशमार्क

आधी किकिंगचा हिशेब मांडू, कारण पुढचे सगळे निर्णय त्यातून आलेत. अलाबामाचा किकर केड फॉस्टर याची 44 यार्डांची पहिली किक हुकली. चौथ्या क्वार्टरच्या सुरुवातीला 21-21 असताना 28 यार्डांची आत गेली होती, पण अलाबामाचाच खेळाडू स्नॅपआधी (चेंडू मागे टाकून खेळ सुरू होण्याआधी) हलला. पाच यार्डांची पेनल्टी लागली आणि 33 वरून तीच हुकली. शेवटची अडीच मिनिटं उरली असताना पुन्हा 44 यार्ड, ती ऑबर्नने ब्लॉक केली. नऊ गुण हातचे गेले.

माझ्या मते सामना फिरला तो मात्र यातल्या कुठल्याच किकवर नाही. अलाबामाचा क्वार्टरबॅक (पास टाकणारा, चाल चालवणारा) एजे मॅकॅरन याने अमारी कूपरला 99 यार्डांचा टचडाउन पास टाकून 28-21 केलं होतं. शेवटची पाच-सहा मिनिटं. अलाबामाकडे ऑबर्नच्या 13 यार्डांवर चौथा डाउन (10 यार्डांसाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांतला शेवटचा), हवा एक यार्ड. इथून फील्ड गोल, एंडझोन आणि किक मागून मारली जाते ते अंतर धरून, जेमतेम 30 यार्डांचा. तो झाला तर आघाडी 10 ची, म्हणजे ऑबर्नला दोनदा गुण करावे लागणार. सेबननी किकरवरचा भरवसा गेल्यामुळे टी. जे. येल्डनला धावायला लावलं आणि ऑबर्नने त्याला रेषेवरच दाबलं. सात गुणांच्या आघाडीत एका टचडाउनने आणि त्यानंतरच्या एका गुणाच्या किकने बरोबरी होते. 10 च्या आघाडीत ऑबर्नला धावण्याचा खेळ सोडून घड्याळाशी झुंजत पास टाकावे लागले असते, आणि त्यांचा निक मार्शल हा पासिंगवर सामना ओढणारा क्वार्टरबॅक नव्हताच. त्या सामन्यात ऑबर्न 296 यार्ड धावली आहे. त्यांना धावू दिलं हेच चुकलं.

लाँगस्नॅपर

हॅशमार्क यांच्याशी सहमत. तरी शेवटच्या किकबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण लोक "किक मारायलाच नको होती" एवढंच म्हणतात आणि खरी चूक निसटते.

फील्ड गोलच्या 11 जणांत किकर आणि होल्डर (किकसाठी चेंडू धरणारा) सोडले तर नऊ उरतात. मधला स्नॅपर, त्याच्या दोन्ही बाजूंना मिळून सहा आणि टोकांना एकेक विंग. त्यांचं काम सव्वा-दीड सेकंद भिंत धरून ठेवणं, म्हणून त्यात धिप्पाड लाइनमन भरलेले असतात. बरेच 130 किलोंच्या आसपासचे. 35-40 यार्डांच्या किकला हे बरोबर, कारण चेंडू खांबांच्या मागे जातो आणि खेळ संपतो.

57 यार्डांचं गणित वेगळं. लांब मारायचं म्हणून चेंडू खालून, चपटा निघतो, त्यामुळे ब्लॉक होण्याची भीती वाढते आणि भिंत आणखी भक्कम लागते. त्याच वेळी चेंडू तोकडा पडून पळवला जाण्याची शक्यताही वाढते, म्हणून पळणारी माणसं लागतात. दोन्ही एकदम जमत नाही. मधला मार्ग असा की आतले पाच तसेच ठेवायचे आणि दोन्ही विंग व शेवटच्या जागांवर लाइनबॅकर किंवा टाइट एंड असे पळू शकणारे खेळाडू उभे करायचे. अलाबामाने नेहमीचीच जड फळी ठेवली.

दुसरी चूक शिस्तीची. किक निघाल्यावर विंगने कडेच्या रेषेकडे पसरत जायचं असतं, चेंडू कायम आपल्या आतल्या बाजूला ठेवून. मधल्यांनी एकमेकांत चार-पाच यार्ड अंतर राखून पंख्यासारखं उघडायचं. चेंडू हवेत तीन-चार सेकंद असतो, तेवढ्यात जड माणूसही 20 यार्ड जातो. व्हिडिओत अलाबामाचे खेळाडू मध्यभागी गोळा झालेले दिसतात. ऑबर्नने डाव्या कडेला ब्लॉकर लावले आणि डेव्हिसला ती कड जवळपास मोकळी मिळाली.

आणि इशारा मिळाला होता! किकच्या आधी ऑबर्नने टाइमआउट घेऊन मागे डेव्हिसला उभं केलं. तो त्यांचा पंट रिटर्नर, म्हणजे समोरून आलेली किक झेलून परत पळणारा. एंडझोनच्या शेवटी रिटर्नर उभा दिसला की आपणही टाइमआउट घेऊन माणसं बदलायची, निदान सगळ्यांना ओरडून सांगायचं की किकनंतर पांगा. चेंडू कुणी न शिवता एंडझोनमध्ये जमिनीवर पडला असता तर तिथेच मृत, वेळ संपलेली, आणि सामना ओव्हरटाइममध्ये. डेव्हिसने झेलला म्हणूनच खेळ जिवंत राहिला. अधिकृत नोंद 100 यार्डांची आहे कारण आकडेवारीत मैदान त्याहून लांब धरत नाहीत. प्रत्यक्षात तो 109 च्या आसपास पळाला.

वॉरईगल

मी ऑबर्नच्या बाजूचा, पण बरोबरीचा टचडाउन कोणी काढतच नाही म्हणून लिहितो. 32 सेकंद उरलेले, चेंडू अलाबामाच्या 39 वर. त्याआधी चेंडू घेऊन धावणाऱ्या ट्रे मेसनला सतत चेंडू देऊन ऑबर्नने बचावफळी रेषेजवळ ओढून आणली होती. मार्शलने मेसनला चेंडू दिल्याचं भासवलं, स्वतःकडे ठेवला आणि डावीकडे पळाला. ऑबर्नचा रिसीव्हर (पास झेलणारा) सॅमी कोट्स याच्यावर असलेला कॉर्नरबॅक (कडेचा बचावपटू) धाव अडवायला पुढे आला. मार्शलने स्क्रिमेज रेषेपाशी (जिथून खेळ सुरू होतो ती रेषा) जाता जाता चेंडू सोडला, कोट्स पूर्ण मोकळा.

लाइनमन धावेसाठी पुढे ढकलत असले की बचावाला तो रनच वाटतो. कॉलेजच्या नियमात पास सुटेपर्यंत लाइनमनला रेषेपुढे तीन यार्डांची सवलत आहे, व्यावसायिक लीगमध्ये एकच. या सवलतीवरच अशा चाली उभ्या राहतात. उपाय कंटाळवाणा आहे पण एकच: क्वार्टरबॅक रेषा ओलांडेपर्यंत कॉर्नरने आपला रिसीव्हर सोडायचा नाही, धाव सेफ्टीने (सगळ्यात मागचा बचावपटू) आणि लाइनबॅकरने अडवायची. आठ-दहा यार्ड गेले तरी चालतील, डोक्यावरून पास जाता कामा नये.

क्रिमझनकट्टा

लाँगस्नॅपर, पसरण्याचा मुद्दा डोक्यात ठेवून क्लिप पुन्हा लावली. अलाबामाच्या उजव्या टोकाकडे बघितलं की सगळं कळतं. मग एकच विचारतो. शेवटच्या किकआधी येल्डन 24 यार्ड पळून ऑबर्नच्या 38 वर बाहेर गेला, रिप्लेने एक सेकंद परत दिला. तिथून तुम्ही काय केलं असतं?

लाँगस्नॅपर

एंडझोनमध्ये उंच पास. 38 यार्डांवरून मॅकॅरनला ते अंतर सहज होतं. मुख्य म्हणजे पास अडवला गेला तरी आपले चार-पाच वेगवान रिसीव्हर तिथेच उभे असतात, तो पळवून नेणं फार अवघड. किकला मात्र समोर 11 चपळ खेळाडू आणि आपल्याकडे लाइनमन.

सेबन यांची अडचण मला समजते. कॉलेजच्या ओव्हरटाइममध्ये चेंडू 25 यार्डांवर मिळतो, म्हणजे तिथे पुन्हा छोट्या किकची वेळ येणार आणि फॉस्टर खचलेला. अ‍ॅडम ग्रिफिथचा, म्हणजे ती शेवटची किक मारणाऱ्याचा, पाय लांबचा, म्हणून ती संधी त्यांना फुकटची वाटली. ती फुकटची व्हायला विंगवर दोन लाइनबॅकर पुरले असते.