श्वास धरून वर येऊ नका

स्कूबा डायव्हिंगमध्ये (पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली पोहताना) "हवा संपली तर श्वास धरून सरळ वर यायचं" असा सल्ला कुणीतरी दिलेला वाचला आणि राहवलं नाही. नेमकं हेच करायचं नाही! १० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे छातीत भरलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट जागा मागते. तोंड बंद ठेवलं तर फुप्फुस फाटू शकतं. रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडात देणारा भाग) तोंडातून निसटला असला तरी वर येताना बारीक बुडबुडे सोडत राहायचं.

मुळात हवा संपल्यावर पहिली धाव जोडीदाराकडे. गळ्यावरून आडवा हात फिरवून खूण करायची, त्याचा जादा रेग्युलेटर (बहुधा पिवळा असतो) तोंडात धरायचा, दोन श्वास शांतपणे घ्यायचे, मग एकमेकांना धरून वर. मिनिटाला ९ मीटरपेक्षा जास्त वेग नको. ५ मीटर खोलीवर ३ मिनिटं थांबा, पण हवा पुरत असेल तरच. जोडीदार तिकडे लांब मासे बघत बसला असेल तर मात्र सगळंच मुसळ केरात.

मला सुरुवातीला छळलं ते मास्कने. नाकात पाणी शिरलं की डोकं चालेनासं व्हायचं. नजर किंचित वर, चौकटीची वरची कड कपाळाशी दाबायची आणि नाकाने फुंकायचं. उथळ पाण्यात पंचवीसदा केलं तेव्हा कुठे धडधड थांबली.

आणि बाहेर आल्यावर सांधे दुखले, मुंग्या आल्या, तर "थकवा असेल" म्हणून झोपू नका. शुद्ध ऑक्सिजन लावा, डॉक्टर गाठा.