चिनी वैद्यकातल्या 'श्यू'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : चिनी वैद्यकावरच्या एका लेखाचं भाषांतर करतेय. 'ची' (प्राणशक्ती) डेफिशियन्सी, 'ब्लड डेफिशियन्सी', यिनची (शरीरातली थंड, ओलावा देणारी बाजू), यांगची (उष्ण, चालना देणारी बाजू) असं पानोपानी येतं. मूळ चिनी शब्द 'श्यू'. सरळ 'कमतरता' लिहू का? पण 'रक्ताची कमतरता' म्हटलं की वाचकाच्या डोळ्यांपुढे हिमोग्लोबिनचा रिपोर्टच येणार.

प्रतिसाद १ : 'कमतरता' नकोच. 'श्यू' म्हणजे पोकळ, रिकामं. त्याचा जोडीदार 'शि', म्हणजे भरीव. 'हुआंगदी नेइजिंग' या जुन्या ग्रंथात याची व्याख्याच आहे : बाहेरचा उपद्रव बळावला तर 'शि', अंगातलं सत्त्व ओसरलं तर 'श्यू'. चिनी वैद्य रक्ताची 'श्यू' ठरवतो ती फिकट जीभ, बारीक नाडी, चक्कर, उडालेली झोप यांवरून. त्या माणसाचं हिमोग्लोबिन चांगलं असूही शकतं.

प्रतिसाद २ : आयुर्वेदातला 'क्षय' आयता आहे की! रसक्षय, रक्तक्षय. उपचारांची लंघन-बृंहण (हलकं करणं आणि भरणं) ही जोडीही तयार आहे.

प्रतिसाद १ : वैद्यांसाठी लिहायचं तर जरूर. पण 'फुप्फुसाच्या यिनचा क्षय' वाचून सामान्य माणूस काय समजेल? टीबी! त्यातून कोरडा खोकला, रात्रीचा घाम ही लक्षणंही तीच. घोळ वाढेल. माझं मत 'क्षीणता'ला : चीक्षीणता, रक्तक्षीणता, यिनक्षीणता.

प्रतिसाद ३ : क्षीणतेला अनुमोदन. मात्र उपचाराच्या 'बू' या क्रियापदाला 'टॉनिक देणे' लिहू नका. तिथे सरसकट शक्तिवर्धक नसतंच, काय क्षीण झालंय त्यावर औषध ठरतं. ची क्षीण असेल तर 'चार सज्जनांचा काढा' : जिनसेंग, बायझू (एक औषधी मूळ), फूलिंग (ही पाइनच्या मुळांवर वाढणारी बुरशी) आणि भाजलेलं ज्येष्ठमध. रक्तासाठी चार द्रव्यांचा दुसरा काढा. यांग क्षीण, हातपाय गार, तर उष्ण औषधं. यिन क्षीण, तळहात-तळपाय जळतात, तर त्याच उष्ण औषधांनी आगीत तेल.

सगळ्यात बोलकं उदाहरण 'लिऊवेइ दीहुआंग' गोळीचं. च्येन यी हे चीनच्या सोंग राजवटीतले बालवैद्य. त्यांनी मूत्रपिंडासाठीच्या जुन्या आठ औषधांच्या गोळीतून दालचिनी आणि बचनागाच्या जातीचं फूझी ही दोन उष्ण द्रव्यं काढून टाकली, मुलांना सोसणार नाहीत म्हणून. त्यांचा ग्रंथ 1119 सालचा. उरलेल्या सहांचं प्रमाण 8 : 4 : 4 : 3 : 3 : 3. आठ भाग वाफवून काळंभोर केलेलं दीहुआंगचं मूळ. पहिली तीन भरून काढतात, उरलेली तीन निचरा करतात. भरतानाही वाट मोकळी ठेवायची, हे मला तरी फार हुशारीचं वाटतं. आपल्याकडे तापातून उठलेल्याला आधी पेज देतात, पुरणपोळी नाही. तिकडेही म्हण आहे की क्षीणाला भरणं सोसत नाही.

म्हणून 'बू'साठी 'भरून काढणे', नाहीतर 'पोषण'. 'बृंहण'ही चुकीचं नाही, पण त्यात अंग भरण्याचा अर्थ फार.

प्रश्नकर्ती : 'क्षीणता' आणि 'भरून काढणे' घेते. पहिल्यांदा येईल तिथे कंसात 'श्यू' देईन. मग 'शि'ला 'प्रकोप' चालेल?

प्रतिसाद २ : नको, लोक पित्तप्रकोपाशी जोडतील. 'आधिक्य' लिहा.