माणसे मिळतात, पण टिकत नाहीत: 14 जणांच्या व्यवसायाने नेमके कोठे पाहावे?

यंत्रदुरुस्त

यंत्रांची दुरुस्ती व देखभाल करून देणारा माझा छोटा व्यवसाय आहे. नऊ तंत्रज्ञ, दोन मदतनीस, कार्यालय सांभाळणारे दोघे आणि मी, असे आम्ही 14 जण आहोत. कामाची ददात नाही. उलट मनुष्यबळाअभावी काही कामे नाकारावी लागतात. अडचण अशी की गेल्या बारा महिन्यांत सहा जण सोडून गेले, आणि त्यांच्या जागी माणसे शोधणे, त्यांना तयार करणे व ती तयार होईपर्यंत त्यांचा भार इतरांवर टाकणे यातच माझा निम्मा वेळ जातो.

नव्याने येणाऱ्यांचा सुरुवातीचा पगार मी वर्षभरापूर्वी वाढवला. त्यामुळे अर्ज वाढले, टिकण्यात मात्र फरक पडला नाही. जे टिकून आहेत त्यांचे खाडे वाढले आहेत, आणि कोणी आले नाही की आदल्या संध्याकाळी फोन करून दुसऱ्याला त्याच्या सुट्टीच्या दिवशी बोलवावे लागते. माझ्याकडचे सर्वांत अनुभवी तंत्रज्ञ दोन वर्षांनी निवृत्त होतील. काही यंत्रे त्यांच्याखेरीज कोणाला उघडताही येत नाहीत, हे आठवले की झोप उडते. ओळखीचे व्यावसायिक म्हणतात की नव्या पिढीला कष्ट नकोत. हे निदान मला सोयीचे आहे, आणि म्हणूनच त्यावर माझा पुरता विश्वास बसत नाही. पगार आणखी वाढवणे हाच मार्ग आहे, की मी चुकीच्या जागी पाहतो आहे?

हिशेबनीस

पगाराचा विषय टाळून पुढे जाता येणार नाही, म्हणून आधी त्याविषयी लिहितो. आजूबाजूला त्याच कामाचे जे मिळते त्याहून आपण बरेच कमी देत असाल, तर बाकी सारे उपाय म्हणजे मलमपट्टी आहे. पण तेवढे देत असाल, तर नुसत्या वाढीने गळती थांबेल असे मी म्हणणार नाही.

याबाबत फोर्ड कंपनीचे उदाहरण हमखास दिले जाते. 1913 साली तेथे कामगार सोडून जाण्याचे वार्षिक प्रमाण 370 टक्के होते. सुमारे 14,000 माणसे कामावर राहावीत यासाठी वर्षभरात 50,000 हून अधिक माणसे भरती करावी लागली होती. जानेवारी 1914 मध्ये कंपनीने आठ तासांच्या दिवसाला पाच डॉलर, म्हणजे जवळपास दुप्पट मजुरी जाहीर केली आणि गळती झपाट्याने आटली. सांगणारे बहुधा येथेच थांबतात. माणसे पळत का होती, हे मात्र राहून जाते. नव्याने आलेल्या सरकत्या पट्ट्यावर मोटारीच्या सांगाड्याची जुळणी बारा तासांऐवजी सुमारे दीड तासात होऊ लागली होती, आणि त्याच पट्ट्याने काम इतके एकसुरी केले होते की माणसाला ते सोसवत नव्हते. दुप्पट मजुरी परवडली तीही त्या पट्ट्यामुळेच. शिवाय पाच डॉलरमधील मोठा हिस्सा नफ्यातील वाटा म्हणून मिळे आणि त्यासाठी सहा महिने नोकरी झालेली असावी लागे. दुरुस्तीच्या कामात असा पट्टा बसवता येत नाही. त्यामुळे त्या उदाहरणातून आपण घेण्याजोगी गोष्ट आकड्याची नसून अटीची आहे, असे मला वाटते.

आता दोन प्रश्न. सोडून गेलेले सहा जण रुजू झाल्यापासून किती दिवसांनी गेले, हे आपण कधी कागदावर मांडले आहे का? आणि नव्यांचा सुरुवातीचा पगार वाढवला तेव्हा जुन्यांचा किती वाढवला? दहा वर्षे घासलेल्या माणसात आणि काल आलेल्या माणसात पगाराचे अंतर नावापुरते उरले, तर जुना माणूस लगेच सोडून जात नाही. तो मनाने आधी जातो आणि ते हजेरीपटात दिसते. आपण खाड्यांचा उल्लेख केला आहे, म्हणून विचारतो.

पाळीवाली

मी मालक नाही, दुसऱ्याकडे तंत्रज्ञ म्हणून काम करते. आपल्या प्रश्नातील एकच वाक्य मला टोचले: "आदल्या संध्याकाळी फोन करून." आपण ते जाता जाता लिहिले आहे, पण कामावर असणाऱ्याच्या दृष्टीने ते सर्वांत वजनदार वाक्य आहे. सुट्टी असूनही फोन येईल का या विचारात गेलेला दिवस सुट्टीचा राहत नाही. मुलाला शाळेत कोण आणणार, आईला दवाखान्यात कोण नेणार, हे सर्व दुसऱ्या माणसांच्या वेळेत बांधलेले असते, आणि एका फोनने त्यातील प्रत्येकाचे वेळापत्रक मोडते. पहिल्यांदा माणूस हो म्हणतो, पाचव्यांदा फोन उचलत नाही, आणि दहाव्यांदा तब्येतीचे कारण सांगून ठरलेल्या दिवशीही येत नाही. तुमचे खाडे आणि तुमचे फोन ही एकाच दोरीची दोन टोके असू शकतात.

हे केवळ माझे गाऱ्हाणे नाही. 2015-16 मध्ये अमेरिकेत गॅप या कपड्यांच्या कंपनीच्या 28 दालनांत संशोधकांनी एक प्रयोग केला होता. निवडलेल्या दालनांत पाळ्यांच्या सुरू होण्याच्या व संपण्याच्या वेळा शक्य तितक्या ठरावीक ठेवल्या, आणि कर्मचाऱ्यांना आपसांत पाळी बदलण्याची मुभा दिली. खर्च वाढेल अशी धास्ती होती. प्रत्यक्षात त्या दालनांची विक्री इतरांच्या मानाने सुमारे 7 टक्क्यांनी वाढली. वेळापत्रक अस्थिर होण्यास गिऱ्हाइकांची लहर कारणीभूत आहे असे सगळेच धरून चालले होते. तपासल्यावर बराचसा गोंधळ वरिष्ठ कार्यालयाच्या ऐनवेळच्या फेरफारांतून येत असल्याचे दिसले.

जादा तासांबद्दलही एक गोष्ट सांगते. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संयुक्त अभ्यासानुसार, आठवड्याला 55 किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका 35 ते 40 तास काम करणाऱ्यांपेक्षा सुमारे 35 टक्क्यांनी अधिक असतो. रिकाम्या जागेचा भार उरलेल्यांवर टाकताना हा आकडा मालकांनी समोर ठेवावा, एवढेच माझे म्हणणे आहे. आणि नवी पिढी कष्ट टाळते, असे मी पाहिलेले नाही. ठरलेल्या वेळेनंतरचे, न विचारता लादलेले आणि मोबदला न मिळणारे कष्ट ती टाळते, आणि आम्हीही टाळायला हवे होते.

यंत्रदुरुस्त

दोघांचेही आभार. हिशेबनीस यांनी सांगितल्याप्रमाणे काल रात्री जुन्या नोंदी काढून बसलो, आणि थोडा ओशाळलो. सहांपैकी चौघे पहिल्या तीन महिन्यांतच गेले आहेत. त्यातला एक तर अकराव्या दिवशी. पाचव्याला दूरच्या मोठ्या कारखान्यात जवळपास दुप्पट पगार मिळाला, तेथे माझा इलाज नव्हता. सहाव्याने वडिलांच्या आजारपणामुळे सोडले. त्याने आधी दोन महिने सकाळी उशिरा येण्याची परवानगी मागितली होती, आणि एकाला दिली की सगळे मागतील म्हणून मी ती नाकारली होती.

लवकर गेलेले चारही जण मी शिकण्यासाठी त्या अनुभवी तंत्रज्ञांच्या हाताखाली दिले होते. ते स्वभावाने वाईट नाहीत, पण शिकवताना त्यांचा संयम सुटतो, आणि "एवढेही येत नाही?" हा त्यांचा नेहमीचा प्रश्न आहे. जुन्यांची पगारवाढ नव्यांच्या निम्मीसुद्धा नव्हती, हेही मान्य करतो. फोनबद्दल पाळीवाली यांनी लिहिले ते वाचून मी उत्तर लिहिले आणि खोडले. तेव्हा ते बहुधा बरोबर असावे.

जुना_मुकादम

अकराव्या दिवशी गेलेल्या माणसाला आपला पगार कमी वाटण्याइतका वेळच मिळालेला नसतो. तो कशाला तरी घाबरून किंवा अपमानित होऊन गेला आहे. मी तीस वर्षे माणसे हाताळली, आणि उत्तम कारागिराच्या हाताखाली शिकाऊ दिला की तो आपोआप शिकतो, या समजुतीने त्यातली पहिली दहा वाया घालवली. काम येणे आणि काम शिकवता येणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत. पुष्कळदा तर हात जितका बसलेला, तितके शिकवणे अवघड जाते, कारण आपण मधल्या किती पायऱ्या गाळून बोलतो हे त्या माणसाला स्वतःलाच कळत नाही.

यावर फार जुना आणि फुकटातला उपाय उपलब्ध आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, 1940 पासून, अमेरिकेत उद्योगांतर्गत प्रशिक्षणाची एक सरकारी योजना चालवली गेली. अनुभवी कामगार सैन्यात गेलेले आणि कारखान्यांत कधी यंत्राला हात न लावलेली माणसे भरलेली, अशी स्थिती होती. त्या योजनेत मुकादमांना शिकवण्याची चार पायऱ्यांची पद्धत दिली जाई. आधी शिकणाऱ्याचे दडपण घालवून त्याला काय येते ते विचारायचे. मग काम एकेक टप्पा करून दाखवायचे आणि प्रत्येक टप्प्यात ग्यानबाची मेख कोठे आहे ते कारणासह सांगायचे. नंतर त्याच्याकडून ते करवून घ्यायचे, आणि करता करता त्यानेच ती मेख बोलून दाखवायची. शेवटी त्याला एकट्याला सोडायचे, पण अडल्यास कोणाकडे जायचे ते ठरवून द्यायचे आणि मधूनमधून पाहून यायचे. शिकणारा शिकला नाही तर दोष शिकवणाऱ्याचा, हे त्या पद्धतीचे गृहीतक होते. युद्धानंतर ही पद्धत जपानमध्ये गेली आणि तेथील कारखान्यांत, टोयोटातही, मुरली.

त्याच योजनेतील एक तक्ता तुमची झोप परत आणील. डाव्या बाजूला सर्व कामे लिहा, वरच्या ओळीत माणसांची नावे लिहा, ज्याला जे येते तेथे खूण करा. ज्या कामासमोर एकच खूण आहे ते धोक्याचे, आणि त्या ओळीत दुसरी खूण कोणाची व कोणत्या तारखेपर्यंत हवी ते तेथेच लिहा. तुमच्या त्या तंत्रज्ञांच्या स्तंभाखाली किती एकाकी खुणा येतात ते पाहा. मग त्यांच्याकडे शिकवण्याचे काम वेगळे म्हणून द्या, त्यासाठी दिवसातले दोन तास मोकळे करा आणि त्याचा वेगळा मोबदला द्या. आज तुम्ही त्यांच्या डोक्यावर दिवसभराच्या दुरुस्त्या ठेवून वर शिकाऊ माणूस देता, तेव्हा तो माणूस त्यांना अडथळाच वाटणार. त्यांच्या जागी मी असतो तर मीही चिडलो असतो.

आणखी एक, थोडे नाजूक. जे ज्ञान फक्त आपल्याजवळ आहे तेच आपल्याला टिकवते, असे उतारवयातल्या माणसाला वाटते, आणि ते अगदीच चूक नसते. निवृत्तीनंतरही आठवड्यातून एक-दोन दिवस सशुल्क मार्गदर्शक म्हणून बोलावण्याचे लेखी आश्वासन आजच दिलेत, तर मूठ सैल होईल.

निवडकर्ती

मुकादमांशी मी सहमत आहे, पण चौघांपैकी एखादा मुळातच चुकीचा निवडला गेला असण्याची शक्यता सोडू नये. गप्पांच्या स्वरूपातील मुलाखतीत बोलका माणूस निवडला जातो. नोकरीच्या निवडीवर 1998 पासून झालेल्या मोठ्या संकलित अभ्यासांत नमुना-काम करून घेणे आणि सर्वांना तेच, आधी ठरवलेले प्रश्न विचारणे या दोन पद्धती सैल गप्पांपेक्षा सातत्याने सरस ठरल्या आहेत. आपल्याकडे तर नमुना-काम सहज शक्य आहे: एक बिघडलेला पंप पुढे ठेवा आणि उमेदवार आधी काय तपासतो ते पाहा. त्या वेळेचे पैसे मात्र द्या.

त्याच दिवशी कामाची वाईट बाजूही स्पष्ट सांगा: तेल, उष्णता, अडचणीच्या जागा, गिऱ्हाइकाचा राग. काही जण तेथूनच परत जातील, आणि ते अकराव्या दिवशी जाण्यापेक्षा परवडते.

हिशेबनीस

सहाव्या माणसाबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. "एकाला दिले की सगळे मागतील" हा युक्तिवाद मीही अनेक वर्षे केला आहे. त्यावरचा तोडगा नकार हा नसून नियम हा आहे. घरी आजारी माणूस असल्यास वर्षातून इतके आठवडे वेळेत सवलत मिळेल, तेवढे तास नंतर भरून द्यावे लागतील, असे लिहून भिंतीवर लावा. सवलत मालकाच्या मर्जीवर असते तेव्हाच ती पक्षपात वाटते. त्या दोन महिन्यांच्या सकाळच्या तासांची किंमत आणि नव्या माणसाच्या शोधाची, प्रशिक्षणाची व नाकारलेल्या कामांची किंमत शेजारी शेजारी मांडून पाहा; मला आकडे माहीत नाहीत, तरी कोणती बाजू जड निघेल यावर मी पैज लावीन.

यंत्रदुरुस्त

तीन आठवड्यांनी लिहितो आहे. जुन्या सात जणांचा पगार वाढवला. त्यासाठी या वर्षी घ्यायचे नवे वाहन लांबणीवर टाकले. पाळ्यांचे वेळापत्रक आता दोन आठवडे आधी लागते, आणि अचानक गरज पडल्यास बोलावण्यासाठी दर दिवशी एकाचे नाव आधीच ठरलेले असते व त्या राखीव दिवसाचा भत्ता मिळतो. पहिल्याच आठवड्यात दोनदा मोह झाला, एकदा फोन केलाही. सहाव्या माणसाला निरोप पाठवला आहे. त्याने विचार करतो म्हटले आहे.

तक्ता केला. एकाकी खुणा नऊ निघाल्या, त्यातल्या सात आमच्या ज्येष्ठ तंत्रज्ञांच्या. सुरुवातीला ते घुश्शात होते. मग एका यंत्राचे टप्पे लिहून काढायला त्यांच्यासोबत बसलो. चौथ्या टप्प्यावर मी विचारले की बेअरिंग गेले आहे हे उघडण्याआधीच तुम्हाला कसे कळते, तेव्हा ते म्हणाले की ते तर कोणालाही कळते. मी म्हटले, मला कळत नाही. त्यांनी लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक धडावर टेकवले, मूठ माझ्या कानाशी धरली आणि आधी चांगल्या यंत्राची, मग बिघडलेल्याची खरखर ऐकवली. बावीस वर्षांत हे त्यांना कोणी विचारले नव्हते, आणि मीही विचारले नव्हते. त्या दिवशी आम्ही चौथ्या टप्प्यापुढे गेलोच नाही, कारण त्यांनी मदतनिसांनाही हाक मारून एकेकाला ते ऐकवायला सुरुवात केली.