नवे सभासद का टिकत नाहीत

रोटरी या समाजसेवी संघटनेच्या क्लबांत नवे सभासद वर्षभरात गळतात, म्हणून आणखी माणसं आणा, असं काहीजण म्हणतात. मला दुखणं भरतीत दिसत नाही, नंतरच्या दुर्लक्षात दिसतं. सभासद होताना रोटरीची पिन लावली, फोटो झाला, की ज्यानं नाव सुचवलं तोही पुढच्या सभेला जुन्या मित्रांत जाऊन बसतो. त्यात १ जुलैला अध्यक्ष बदलतो आणि कोणत्या नव्याला कोणत्या जुन्या सभासदाच्या हाताखाली दिलं होतं हे कुणाच्या लक्षातही राहत नाही. म्हणून ही जोडी अध्यक्षांच्या वर्षाला बांधू नका, दोन वर्षं तरी राहू द्या. आणि नव्याला पहिल्याच महिन्यात काम द्या. रक्तदान शिबिराची नोंदणी, पोलिओ बूथ, काहीही चालेल.

गौरवाचंही बघा. पॉल हॅरिस फेलो हा रोटरीच्या संस्थापकाच्या नावाचा मान रोटरी फाउंडेशनला, म्हणजे रोटरीच्या देणगी निधीला, १,००० डॉलर दिल्यावर मिळतो. देणगी मोलाचीच, पोलिओचं काम तिच्यावरच उभं राहिलं. पण दर शनिवारी वस्तीत शिकवायला जाणाऱ्या सभासदाला एवढी रक्कम कुठून परवडणार? ती दुसऱ्या कुणाच्या नावेही भरता येते. क्लबनं वर्षातून एकदा वर्गणी काढून अशा एखाद्याच्या नावे ती जरूर भरावी.