१९७१ च्या एमजीबीत एमएक्स-५ चं १.८ इंजिन घरीच बसवायचंय, सुरुवात कुठून करू?

तेलकट_हात
नमस्कार मंडळी. मामांची १९७१ ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे जुनी ब्रिटिश उघड्या छपराची स्पोर्ट्स कार, माझ्याकडे आलीय, क्रोम बंपरवाली. बरीच वर्षं ताडपत्रीखाली उभी होती. मामा चालवायचे तेव्हा मी शेजारच्या सीटवर बसायचो त्यामुळे विकायचा प्रश्नच नाही, पण नुसती पुसून ठेवायला पण नकोय, मला ती जवळजवळ रोज चालवायचीय. जुनं इंजिन चालू होतं पण निळा धूर काढतं आणि दुसरा गिअर टाकताना करकरतो.

सोबत एक १९९५ ची मझदा एमएक्स-५ मिळालीय, मागून जोरात ठोकलेली पण पुढचा भाग शाबूत, इंजिन, गिअरबॉक्स, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), वायरिंग, चावी सगळं जागेवर. १.८ इंजिन, साधारण १३० हॉर्सपॉवर, आणि एमजीबीचं मूळचं ९५. इंजिन क्रेन आहे, मिग वेल्डर आहे, वेल्डिंग बऱ्यापैकी जमतं. वायरिंगची मात्र खरंच भीती वाटते.

पुढच्या आठवड्यात जुनं इंजिन बाहेर काढायचा विचार आहे. मागचा अ‍ॅक्सल हे सगळं झेपवेल का? आणि मनात एक सारखं येतं की मामांच्या गाडीचं मूळ इंजिन काढतोय हे चुकीचं तर नाही ना. स्पष्ट सांगा, राग येणार नाही.

गंजशत्रू
थांबा, पुढच्या आठवड्यात इंजिन काढू नका. तुमचं जुनं इंजिन धूर काढतंय पण चालतंय ना, मग आधी त्याच इंजिनावर गाडी रस्त्यावर आणा. ब्रेक, किंगपिन, लीफ स्प्रिंगचे बुश, टायर, स्टिअरिंग, सगळं नीट करा आणि दोनतीन महिने चालवा. मी माझ्या गाडीत उलटं केलं होतं, इंजिन, ब्रेक, वायरिंग, सस्पेन्शन सगळं एकदम बदललं, आणि पहिल्या दिवशी गाडी थरथरायला लागली तेव्हा प्रॉपशाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत जाणारा दांडा) की टायर की इंजिन माउंट की बुश हे शोधण्यात अख्खा सीझन गेला. एका वेळी एकच गोष्ट बदलली असती तर कळलं असतं ना की काल ठीक होती, आज हे बदललं म्हणून बिघडली.

दुसरं, आणि हे जास्त महत्त्वाचं. एमजीबीला वेगळी चासी नाही, मोनोकॉक आहे, आणि रोडस्टरला वर छप्पर पण नाही, म्हणजे गाडीचा सगळा ताठपणा सिलमध्ये, दाराखालच्या लांब पट्ट्यात, आहे. हा सिल म्हणजे बाहेरून दिसतो तो एकच पत्रा नाही. बाहेरचा सिल, आतला सिल, मधे उभा पत्रा आणि खाली कॅसल रेल, असा सगळा मिळून डबा आहे. बरेच जण बाहेरचा पत्रा नवा मारतात, रंग देतात, आणि आत मधला पत्रा भुगा झालेला असतो.

टेस्ट सोपी आहे. दार बंद करून मागच्या बाजूची फट बघा, मग पुढच्या चाकाच्या जरा मागे जॅक लावून ती बाजू उचला आणि परत बघा. फट वरून मिटायला लागली किंवा दार उघडताना घासायला लागलं तर बॉडी वाकतेय. तसं असेल तर आधी दाराच्या जागेत चौकोनी पाइप वेल्ड करून आडवा-तिरपा आधार द्या आणि मगच सिल कापा, नाहीतर गाडी मधून खचेल आणि पुढे दारं कधीच नीट बसणार नाहीत. इंजिन त्यानंतर.

मूळ_तेच_बरं
मला विचाराल तर इंजिन बदलूच नका. बी-सिरीज १७९८ सीसी इंजिन साधं आहे, रिंगा, बेअरिंग, व्हॉल्व्ह गाईड, हेड प्लेन, एवढं केलं की अजून एक आयुष्य चालेल. तुमची खरी अडचण गिअरबॉक्सची आहे. फोर्डचा टाइप ९ पाच गिअरचा बॉक्स या इंजिनाला लावायचे किट मिळतात, त्याने हायवेवरचा आवाज कमी होतो आणि बॉनेट उघडल्यावर गाडी एमजीच दिसते. मामांची गाडी म्हणताय म्हणून जीव तुटतो हो.

पाना_१३
दादा तुमची भावना समजते, पण स्वॅप, म्हणजे दुसरं इंजिन बसवणं, हा गाडीचा अपमान असं मला वाटत नाही. खुद्द कारखान्यानेच १९७३ ते १९७६ मधे एमजीबी जीटीमधे रोव्हरचं ३५२८ सीसी व्ही८ बसवलं, २५९१ गाड्या केल्या, १३७ हॉर्सपॉवर. त्याच्याही आधी केन कॉस्टेलो हेच व्ही८ बसवून गाड्या विकत होता. म्हणजे तेलकट, तुम्ही जेवढी पॉवर टाकताय तेवढी या अ‍ॅक्सलने कारखान्यातूनच घेतलीय. १९६७ नंतरच्या रोडस्टरला ट्यूब टाइप अ‍ॅक्सल आहे, तो चांगल्या स्थितीत असेल तर काळजी नको. फक्त एक लक्षात घ्या, कारखान्याने तेव्हा व्ही८ फक्त बंद छपराच्या जीटीत दिलं, रोडस्टरला नाही, म्हणून वर गंजशत्रू म्हणाले ते सिलचं अगदी मनावर घ्या.

रेशोचा हिशोब पण छान जुळतो. एमजीबीचा अ‍ॅक्सल ३.९०९, एमएक्स-५ च्या ५ स्पीडचा पाचवा गिअर ०.८१४, म्हणजे मिळून ३.१८. मूळच्या १४ इंची टायरवर १०० च्या वेगाला साधारण २७०० आरपीएम. जुन्या चौथ्यात ओव्हरड्राइव्ह (आरपीएम कमी करणारा जादा गिअर) नसेल तर तिथे ३३०० च्या वर जातं. रोज चालवायला हा फरक कानाला कळतो.

आता बसवायचं. मी हेच इंजिन दुसऱ्या एका जुन्या रिअर-व्हील गाडीत बसवलंय, त्यावरून सांगतो. सुरुवात इंजिनापासून नाही, गिअर लिव्हरपासून करा. लिव्हर बोगद्यातून कुठे बाहेर येणार ते ठरलं की इंजिन किती मागेपुढे ते आपोआप ठरतं. मग तीन जागा बघा: खाली सम्प (इंजिनाखालची तेलाची टाकी) आणि क्रॉसमेंबर (आडवा लोखंडी तुळईसारखा भाग), त्यावरच स्टिअरिंग रॅक आहे. बाजूला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि स्टिअरिंग शाफ्ट. आणि मागे फायरवॉल (इंजिन आणि केबिनमधला पत्रा), कारण १९९५ च्या इंजिनाला कॅम अँगल सेन्सर हेडच्या मागच्या टोकाला आहे, तो काढता-फिरवता आला पाहिजे नाहीतर टायमिंग सेट करायला इंजिन परत बाहेर काढावं लागेल. बॉनेट लावून बघायला विसरू नका, बॉनेट काढून ठेवलेलं असताना सगळंच बसतं.

एमएक्स-५ ची एक गंमत आहे. त्या गाडीत गिअरबॉक्सला खालून नेहमीसारखं माउंट नाहीये, गिअरबॉक्सपासून डिफरन्शियलपर्यंत एक लांब अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम जाते, तिच्यावर तो तोललेला असतो. तुमच्याकडे लाइव्ह अ‍ॅक्सल, म्हणजे डिफरन्शियल अ‍ॅक्सलसोबतच वर-खाली हलतो, त्यामुळे ती फ्रेम बाद. गिअरबॉक्सला जिथे ती फ्रेम बोल्ट होते तिथेच ब्रॅकेट बनवून खाली रबर माउंट आणि क्रॉसमेंबर करावा लागेल. रबरच वापरा, लोखंडाला लोखंड नको, अख्खी गाडी गुणगुणते.

आणि प्रॉपशाफ्ट. इथे मी मार खाल्लाय. गाडी स्टँडवर, अ‍ॅक्सल खाली लोंबकळत असताना मी लांबी मोजली आणि एका वर्कशॉपकडून शाफ्ट करून घेतला. चाकांवर उभी केल्यावर स्लिप योक (शाफ्टचं गिअरबॉक्समधे आत-बाहेर सरकणारं टोक) जवळजवळ पूर्ण आत, पहिल्याच मोठ्या खड्ड्यात गिअरबॉक्सचं मागचं सील फुटलं. चूक माझी, त्यांनी मी दिलेलं मापच केलं. तुम्ही अ‍ॅक्सलवर वजन असताना मोजा, योक पूर्ण आत गेल्यावर तिथून साधारण २५ मिलीमीटर मागे हे माप धरा. गिअरबॉक्सच्या आउटपुटची रेषा आणि पिनियनची (अ‍ॅक्सलमधे शाफ्ट जिथे जोडतो त्या गिअरची) रेषा समांतर पाहिजे, आणि प्रत्येक जॉइंटचा कोन ३ अंशांच्या आत. शून्य पण नको हं, अगदी सरळ असेल तर जॉइंटमधल्या सुया फिरत नाहीत आणि एकाच जागी खड्डे पाडतात.

फ्यूजबॉक्स
वायरिंगची भीती घालवायचा एकच उपाय, इंजिन आधी जमिनीवर चालू करा. एमएक्स-५ मधून वायरिंगची एकही वायर न कापता अख्खा हार्नेस (वायरींचा जुडगा) काढा, प्रत्येक कनेक्टरला काढतानाच चिठ्ठी लावा, काढून झाल्यावर नाही. इंजिन लाकडी ओंडक्यांच्या पक्क्या स्टँडवर बांधा, रेडिएटर, पेट्रोलचा छोटा कॅन, बॅटरी, ईसीयू जोडा आणि सुरू करा. मग मागचे दिवे, पॉवर विंडो, काचेचा पाणी-पंप अशा नको असलेल्या वायरी एकेक सर्किट करून काढा आणि दर वेळी परत सुरू करा. बंद पडलं तर शेवटची काढलेली वायर परत लावायची, संपलं. अर्थिंग जाड आणि भरपूर द्या, इंजिन ते बॉडी वेगळी, ईसीयूची जिथे मूळ होती तिथेच इंजिनावर. १९७१ ची गाडी निगेटिव्ह अर्थ आहे, तो त्रास नाही, पण कोणी मधे छेडछाड केलीय का ते बॅटरीवर एकदा डोळ्यांनी बघा.

पेट्रोलची बाजू हलक्यात घेऊ नका, मला सगळ्यात जास्त काळजी तिथलीच वाटते. जुना एसयू पंप ३ पीएसआयच्या आसपास देतो, इंजेक्शनला साधारण ३ बार लागतात, म्हणजे चौदा-पंधरा पट. जुने रबरी होस आणि साधे क्लिप त्याला टिकणार नाहीत, इंजेक्शनचे होस आणि इंजेक्शनचेच क्लिप. टाकीपर्यंत रिटर्न लाइन नवी टाकावी लागेल. शिवाय जुन्या टाकीत वळणावर पेट्रोल एका बाजूला जातं आणि पंप हवा ओढतो, कार्ब्युरेटरला बाउलमधे साठा असायचा म्हणून चालून जायचं, इंजेक्शन लगेच आचके देतं. म्हणून जुन्या पंपाने छोटा स्वर्ल पॉट (पेट्रोलचा साठा धरणारा डबा) भरा आणि त्यातून हाय प्रेशर पंप घ्या. पंपाचा रिले ईसीयूकडूनच चालला पाहिजे, थेट इग्निशनला जोडू नका, आणि मधे इनर्शिया स्विच (धडक बसताच पंप बंद करणारा) लावा. धडक बसली, इंजिन बंद पडलं, लाइन तुटली आणि पंप चालूच, हे चित्र डोळ्यासमोर आणा.

इंजिन बाहेर आहे तोवर टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, क्लच आणि क्रँकचं मागचं सील बदलून टाका. आणि रजिस्ट्रेशन आणि इन्शुरन्सवाल्यांना इंजिन बदलाबद्दल आधी लेखी विचारा, ग्राइंडर हातात घ्यायच्या आधी.

तेलकट_हात
सगळ्यांचे मनापासून आभार, काल रात्री तीनदा वाचलं. आज सकाळी जॅकची टेस्ट केली. ड्रायव्हरची बाजू ठीक, फट जशीच्या तशी. दुसऱ्या बाजूला फट वरून निम्मी झाली आणि दार उघडताना चौकटीला अडकलं. खाली जाऊन कॅसल रेलला स्क्रू ड्रायव्हर लावला तर मुठीपर्यंत आत गेला. वरून नवा सिल रंगवलेला आहे, मामांना कोणीतरी नुसतं झाकून दिलं होतं. त्यांना हे कधी कळलंच नाही आणि आम्ही दोघं त्यात हायवेवर फिरलो.

इंजिन काढायचं रद्द. मूळ इंजिनही ठेवून देणार, तेल भरून, पुसून, कोपऱ्यात, आणि बॉडीला कुठे कायमचं कापणार नाही, माउंट बोल्टवर करेन. एक विचारायचं होतं, सिल कापताना गाडी कशावर उभी ठेवू, मधे स्टँड लावू का?

गंजशत्रू
मधे नाही. गाडीचं वजन तिच्या नेहमीच्याच जागांवर, म्हणजे पुढे सस्पेन्शनच्या क्रॉसमेंबरखाली आणि मागे अ‍ॅक्सलखाली, चारही स्टँड एका पातळीत. आधी दारं लावून फटी सगळीकडे सारख्या करा, मग दारं काढून आधाराचे पाइप वेल्ड करा, आणि कापायच्या आधी फटींची मापं दाराच्या चौकटीवर मार्करने लिहून ठेवा. एका वेळी एकच बाजू. नवीन पत्रे आधी फक्त क्लॅम्पने पकडा, दार परत लावा, बंद करून बघा, मगच वेल्ड, तेही सलग नाही, थोडं इथे थोडं तिथे, नाहीतर उष्णतेने ओढलं जाईल. ड्रायव्हरची बाजूही आतून बघाच, आतल्या सिलला एक छोटं भोक पाडून टॉर्च टाका. फोटो टाका कापल्यावर, मी आहे.